मशीन ग्रँटमधून आलंय, मग तासाचे पैसे कशाला?

विद्यापीठाच्या सामाईक प्रयोगशाळेत मी फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणारं मशीन, चालवते. पीएचडीच्या मुलांपासून त्यांच्या गाईडपर्यंत सगळे हे विचारतात. प्रश्न रास्त आहे, त्यातून फेलोशिप रखडलेल्या मुलाने विचारला तर जास्तच.

ग्रँटमधून मशीन येतं, पण वॉरंटी संपली की देखभालीचा करार कोणी करायचा? लेझरचं आयुष्य ठरलेलं असतं. शीथ फ्लुइड (पेशींना ओळीत वाहून नेणारं द्रव), यूपीएसच्या बॅटऱ्या, दिवसभर चालणारा एसी, हे सगळं तासाच्या दरातूनच भागवावं लागतं.

पण माझ्या लेखी खरा खर्च विश्वासाचा आहे. या मशीनमध्ये पेशी एका ओळीत लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो. ठरावीक पेशीलाच चिकटणाऱ्या अँटीबॉडीला जोडलेला रंग उजळला की प्रतिकारशक्तीच्या पेशींपैकी सीडी4 कोणती, सीडी8 कोणती ते कळतं. म्हणून रोज सकाळी आधी बीड्स, म्हणजे ठरलेल्या चमकेचे बारीक मणी, चालवून आजचे आकडे कालच्याशी ताडून पाहते. जुळले नाहीत तर पहिलं बुकिंग रद्द करते. मुलं चिडतात, तरी करते. कुणीतरी त्याच मशीनवर सहा महिन्यांपूर्वीचे नमुने मोजलेले असतात आणि उरलेले आज मोजायचे असतात.

आणि गुठळ्या! ट्यूमरचा तुकडा विरघळवून आणलेल्या नमुन्यात मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर पडतो, तो चिकट असतो, त्याला बाकीच्या पेशी लगडतात. पेशी वेगवेगळ्या करणाऱ्या सॉर्टरचं नोझल जेमतेम 70 किंवा 100 मायक्रॉनचं. ते तुंबलं की मागच्या सगळ्यांचा दिवस गेला. म्हणून 40 मायक्रॉनच्या जाळीतून न गाळलेला नमुना मी लावू देत नाही, मग तो विभागप्रमुखांचा का असेना.

महागडं उपकरण वाटून वापरायची आपल्याकडची रीत जुनी आहे. 1970च्या दशकात केंद्र सरकारने अशी प्रादेशिक केंद्रं काढली, त्यातलं एक पवईच्या आयआयटीत आहे. 2020मध्ये अशा उपकरणांची माहिती आणि बुकिंग एकत्र देणारं सरकारी आय-स्टेम पोर्टल आलं आणि बाहेरच्यांनाही बुकिंगची वाट मिळाली. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी आपले नमुने बर्फात घालून एसटीने येते तेव्हा मला फार बरं वाटतं. तिच्यासाठी दर कमीच हवा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणते. पूर्ण फुकट मात्र नको. फुकटचे स्लॉट अडवले जातात आणि रिकामे जातात.

एवढं करा, नमुने घेऊन थेट मशीनपाशी येऊ नका, प्रयोग ठरवतानाच या. कोणते रंग एकमेकांत मिसळतात, एकेका रंगाचे कंट्रोल (तुलनेसाठी एकच रंग लावलेले नमुने) किती लागतील, ते आधी बसून ठरवू. त्याचे पैसे नाहीत.