वाळवंटातील पाषाणी अशनीचा गट कसा ठरतो?

वाळवंटात सापडलेल्या पाषाणी अशनीचे वर्गीकरण करताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की डोळ्यांना दिसते त्यातले मूळचे किती आणि पृथ्वीवर पडल्यानंतरचे किती. सहारातला असा दगड हजारो वर्षे उघड्यावर पडून असू शकतो. त्याचे काळे वितळकवच झिजते आणि आतील लोह-निकेल मिश्रधातूचे कण गंजून तपकिरी होतात. सामान्य कॉन्ड्राइटांचे, म्हणजे कॉन्ड्रूल नावाचे सूक्ष्म गोलसर कण असलेल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पाषाणी अशनींचे, एच, एल आणि एलएल हे गट लोहाच्या उतरत्या प्रमाणानुसार पाडलेले आहेत. त्यामुळे गंजाने बराच धातू गमावलेला एच गटातील दगड कापून पाहिला तरी एल गटातला वाटू शकतो.

म्हणूनच निर्णय ऑलिव्हिन या खनिजावर सोपवतात. त्यातील लोह सिलिकेटच्या रचनेत बांधलेले असल्याने ते धातूइतक्या लवकर गंजत नाही. दगडाचा पातळ छेद घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून रासायनिक घटना मोजणाऱ्या यंत्राने) ऑलिव्हिनमधील फायालाइटचे, म्हणजे त्याच्या लोहयुक्त घटकाचे, प्रमाण मोजतात: साधारण १६ ते २० मोल टक्के आले तर एच, २२ ते २६ आले तर एल आणि २७ ते ३२ आले तर एलएल. एलएल गटात एकूण लोह सर्वांत कमी असूनही त्याच्या ऑलिव्हिनमध्ये ते सर्वाधिक असते, कारण तेथील लोहाचा मोठा भाग धातुरूपात न राहता ऑक्सिडीकरण होऊन सिलिकेटमध्ये गेलेला असतो. मला या वर्गीकरणातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मोजणी अनेक कणांवर करावी लागते. कणाकणांत ठळक तफावत आढळली, तर दगड मूळ पिंडात, म्हणजे ज्या लघुग्रहातून तो तुटून आला त्यात, फारसा तापलेला नाही; तापण्याच्या श्रेणीत तो प्रकार ३ चा आहे. प्रकार ४ पासून ६ पर्यंत तफावत नाहीशी होते आणि कॉन्ड्रूलांच्या कडा पुसट होत जातात. अवकाशातील टकरींमुळे बसलेल्या आघाताची श्रेणी ध्रुवित प्रकाशात ठरते.

गंजाची नोंद 'डब्ल्यू' या श्रेणीने स्वतंत्रपणे होते: डब्ल्यू३ म्हणजे ६० ते ९५ टक्के धातूचे ऑक्सिडीकरण. या श्रेणीवरून दगड कधी पडला हे मात्र सांगू नये, कारण गंजण्याचा वेग ओलाव्यावर आणि दगडाच्या सच्छिद्रतेवर अवलंबून असतो. त्यासाठी कार्बन-१४ सारखे मापनच हवे.