कमाटीबागेत सूचिपर्णींच्या शोधात

बडोद्यात पाइन शोधायला निघालोय म्हटल्यावर आत्या म्हणाली, "त्यापेक्षा सेव-उसळ शोध, लगेच सापडेल." पण सातवीतल्या भाचीला दिवाळीच्या सुट्टीत सूचिपर्णी, म्हणजे पाइनसारख्या शंकू धरणाऱ्या वृक्षांवर प्रकल्प करायचा होता. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला, आम्ही काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूने कमाटीबागेत शिरलो. सयाजीराव महाराजांची १८७९ची बाग ही, स्टेशनवरून चालत जाण्याजोगी.

पहिली फजिती सुरूपाशी झाली. लांबून हुबेहूब पाइन! भाचीने खाली पडलेली 'सुई' उचलून ओढली, तर ती पेरापेरांतून टक्-टक् सुटत गेली. फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिलं: प्रत्येक सांध्याभोवती सात-आठ बारीक दात. तीच खरी पानं, हिरवी काडी म्हणजे डहाळीच. फळ शंकूसारखं असलं तरी झाड सपुष्प, म्हणजे सूचिपर्णी नव्हेच. कोकणातल्या सुरूच्या बनाला मी आजवर पाइनच समजत होतो, हे भाचीला सांगितलं नाही.

मोरपंखी मात्र अस्सल सूचिपर्णी. शाळेत वहीत 'विद्या' म्हणून जपायचो, तीच ही. चुरगळली की राळेचा वास येतो. शंकू सुपारीहून लहान, खवल्यांना वाकडी शिंगं. कोवळे निळसर होते, जून झालेले तपकिरी होऊन उकललेले. आत गव्हाएवढं बी, त्याला पंख नाही. अर्धा तास इथेच गेला.

मग 'ख्रिसमस ट्री'. आपल्याकडे या नावाने लावलेली बरीच झाडं न्यू कॅलिडोनियातली कुक पाइन असतात, आणि नावात पाइन असलं तरी कूळ वेगळं, अराउकारियाचं. हे झाड विषुववृत्ताकडे झुकतं, जगभरच्या मोजणीत सरासरी सुमारे साडेआठ अंश. फोनचं होकायंत्र काढलं. आमचं दक्षिणेलाच कललेलं होतं!

जाणार असाल तर आठच्या आत पोचा, नंतर मुलांची झुंबड उडते. पानं तोडू नका, खाली पडलेलं पुष्कळ मिळतं. पट्टी आणि जुनं वर्तमानपत्र जवळ ठेवा. पुलावरून विश्वामित्री नदी बघा, पण काठाला उतरू नका, मगरी खऱ्या आहेत. आसोपालवाची सरळसोट रांग बघूनही फसू नका, तो सीताफळाच्या कुळातला.

परतताना सेव-उसळ झालीच. आत्याला पार्सल नेलं.