लिमिट्रोफ आणि दूध

शब्दकोड्याचं व्यसन असलं की कधी कधी असा शब्द भेटतो की कोडं बाजूलाच राहतं. परवा मला 'लिमिट्रोफ' भेटला. इंग्रजी विशेषण, अर्थ, सीमेला लागून असलेला. जन्म बेळगावात गेला, 1956 पासूनचा सीमाप्रश्न घरोघरी चहाबरोबर उकळताना पाहिला, खरं आपल्या मुलखाचं हे विशेषण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इंग्रजही ते फारसं वापरत नसावेत. 'बॉर्डर' म्हटलं की त्यांचं भागतं.

शब्द फोडला तर गंमत. 'लिमेस' ही लॅटिन हद्द. आपलं रोजचं 'लिमिट' तिचंच. शेपूट मात्र ग्रीक: 'ट्रोफोस', पोसणारा. स्नायू वाळला की डॉक्टर 'ॲट्रॉफी' म्हणतात, तीही याच घराण्यातली. रोमन साम्राज्यात सरहद्दीवरच्या फौजेच्या पोटापाण्यासाठी राखलेल्या जमिनींना हे विशेषण लागायचं. 534 सालच्या, सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात त्यांच्यावर वेगळं प्रकरणच आहे. पुढं फ्रेंचमधून इंग्रजीत येईतो जेवणखाण गळालं, नुसती हद्द उरली.

मला जेवणखाणच जास्त आवडलं. आणि एका शब्दात दोन भाषांचा संसार!

आमचा दूधवाला शेजारच्या दाराशी 'अक्कारे, हालु!' म्हणतो आणि माझ्या दाराशी, 'काकू, दूध आणलंय खरं, भांडं आणा की लवकर!' पुण्याच्या भाचीनं विचारलं, "खरं काय त्यात? खोटं कोण म्हणतंय?" आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे समजावण्यात तेच दूध उतू गेलं. तिच्या भातावरचं तूप कन्नडात 'तुप्प' असतं, हे मग दुपारसाठी राखून ठेवलं.

1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एका गल्लीत लाल-पिवळे झेंडे, दुसरीत काळ्या फिती. दूध दोन्हीकडे वेळेवर.

तो माप ओततो, वर थोडं जास्तीचं सोडतो, मुठीनं झाकण ठोकतो आणि कॅम्पाकडे गाडी वळवतो. तिथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. म्हणजे रोमन अर्थानंही हा पक्का लिमिट्रोफ! काल न राहवून त्याला सांगितलंच.

"लिमिट काय?"

"हद्दीवरचा. फौजेला पोसणारा."

"पोसतो खरं," तो म्हणाला, "तुमचं मागच्या महिन्याचं बिल राहिलंय की, काकू."