ग्लिसरॉलच्या प्लेटवरची वाढ

दिंडोरीकडच्या एका बागेतल्या द्राक्षांचा रस आपोआप आंबू दिला होता. त्यातून वाइनच्या यीस्टचे, सॅकरोमायसिस सेरेविसीचे, दोन स्ट्रेन, म्हणजे दोन वाण, आम्ही वेगळे केले आणि नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचे, जीनोम (त्यातला सगळा डीएनए) शेजारी ठेवून वाचायला घेतले. माणसाचा हा जीनोम १६,५६९ अक्षरांचा. यीस्टचा सुमारे ८५ हजारांचा.

सकाळी माझी विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली, चेहरा उतरलेला. “मॅडम, दोन्हींत कॉक्स-१ निकामी आहे. इन्ट्रॉन काढून जोडलं तरी प्रथिन मध्येच तुटतंय.”

कॉक्स-१ हे पेशीच्या श्वसनाचं कळीचं जनुक. इन्ट्रॉन म्हणजे जनुकात मध्येच येणारे, प्रथिनात न उतरणारे तुकडे. ते बिघडलं तरी यीस्ट साखर आंबवून जगतं, फक्त वसाहती लहान राहतात. ग्लिसरॉलवर मात्र श्वसनाशिवाय वाढताच येत नाही. मी काही न बोलता इन्क्युबेटर उघडला. ग्लिसरॉलच्या प्लेटवर दोन्ही स्ट्रेन सायीसारखे दाट पसरले होते.

“अगं, हे बघ. जनुक निकामी असतं तर हे उगवलं असतं का?”

मग चूक वाचण्यातच असणार. डीएनएच्या तीन-तीन अक्षरांचा, म्हणजे कोडॉनचा, अर्थ जनुकीय तक्ता सांगतो, आणि प्रोग्रॅममध्ये सर्वसाधारण तक्ता तसाच राहिला होता. त्यात टीजीए म्हणजे ‘थांबा’. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. मायटोकॉन्ड्रियाची ही वेगळी भाषा १९७९ मध्ये उघड झाली. शिवाय सीटीनं सुरू होणारे चारही कोडॉन इथे ल्यूसिनऐवजी थ्रिओनिन देतात, म्हणजे आमचं प्रथिन तुटकं होतं आणि जेवढं होतं तेवढंही चुकीचं. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाचा तक्ता, क्रमांक ३, लावला आणि ५३४ अमिनो आम्लांचं अखंड प्रथिन पडद्यावर आलं. तिचे डोळे भरून आले. चार दिवस ती या एका जनुकापाशी अडून बसली होती.

खरी तुलना त्यानंतर सुरू झाली. दोन्ही स्ट्रेनमध्ये प्रथिनाचा मजकूर अक्षर न् अक्षर सारखा. एकाचा जीनोम लांब होता तो कॉक्स-१ मधल्या एका जादा इन्ट्रॉनमुळे. असे काही इन्ट्रॉन स्वतःच डीएनए कापणारं प्रथिन बनवतात आणि संकर झाला की इन्ट्रॉन नसलेल्या जोडीदाराच्या जनुकात स्वतःची प्रत घुसवतात. मला हा सगळ्या जीनोममधला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

“मॅडम, हा उडी मारतो का ते बघूया?”

संकरासाठी आधी बीजाणू हवेत. संध्याकाळी तिनं दोन्ही स्ट्रेन बीजाणू बनवायला लावणाऱ्या पोटॅशियम अॅसिटेटच्या प्लेटवर पसरले आणि झाकणांवर तारीख घातली.