रिळावरच्या लेबलासाठी केलेला तगादा

रात्रीच्या डोंगरवाटांसाठी हेडटॉर्च घरीच बांधायचा ठरवला, तेव्हा खरी कसोटी ड्रायव्हर सर्किटची, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटची लागेल असं वाटलं होतं. ते एका रविवारी उरकलं. रखडलो ते एलईडी विकत घेण्यात. मिळायला काही अडचण नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हवे तेवढे मिळतात. पण तो कुठल्या बिनमधला, म्हणजे रंगाच्या कुठल्या गटातला, एवढ्या एका प्रश्नाला सगळीकडे खांदे उडवले जात होते.

“साहेब, कूल पाहिजे की वॉर्म तेवढं सांगा.”

मी क्री कंपनीचा एक्सएम-एल२ एलईडी मागत होतो, ५००० केल्विनचा. आता केल्विनवरून कळतं ते एवढंच की प्रकाश निळसर आहे की पिवळसर. हिरवट आहे की गुलाबी, हे त्यातून कळत नाही, आणि डोळ्यांना छळतो तो हिरवटपणाच. अशा उजेडात मुक्कामावरचं ताजं वरणसुद्धा शिळं दिसतं.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे त्यातला काही निळा प्रकाश पिवळा करणाऱ्या पदार्थाचा थर. या थराची जाडी किंवा चिपची तरंगलांबी जराशी हलली की रंग घसरतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक नग मोजून वेगवेगळ्या गटांत, म्हणजेच बिनमध्ये टाकतात. क्रीच्या कोडमध्ये ३ हा आकडा ५००० केल्विनच्या आसपासचा. पुढचं अक्षर ए किंवा डी असेल तर गट रंगांच्या नकाशातल्या त्या चौकोनाच्या गुलाबी अंगाचा, बी किंवा सी असेल तर हिरव्या. हा कोड एलईडीवर छापलेला नसतो, एलईडींची पट्टी गुंडाळलेली असते त्या रिळाच्या लेबलवर असतो. आणि किरकोळ गिऱ्हाइकाच्या हाती येते ती कापलेली पट्टी, लेबल नसलेली.

शेवटी एका ऑनलाइन वितरकाला लिहिलं. उत्तरात आला फॉर्म: कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक, वार्षिक गरज. वार्षिक गरजेत मी ‘चार’ लिहिलं. मग शांतता. पुन्हा लिहिलं, तर “आपली विचारणा तांत्रिक विभागाकडे पाठवली आहे.” तांत्रिक विभागाने मला अख्खी डेटाशीट, म्हणजे कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक पाठवलं, जे माझ्याकडे आधीपासून होतं आणि ज्यात सगळेच बिन दिलेले असतात! मी विचारत होतो त्यांच्या कपाटातल्या रिळाबद्दल. फोन केला की विक्री विभाग गोदामाकडे बोट दाखवायचा आणि गोदामाचा नंबर देता येत नाही म्हणायचा. “सर, सगळे व्हाइटच आहेत,” हेही ऐकून घेतलं. एका चिकट कागदावरची दोन अक्षरं वाचून दाखवायला कुणाचं काय जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

एका दुपारी फोन चुकून स्टोअरमधल्या मुलाने उचलला. “थांबा, फोटोच पाठवतो,” म्हणाला, आणि चहा निवायच्या आत लेबलं व्हॉट्सॲपवर हजर. विक्रीला लावलेलं रीळ ३सी निघालं. शेजारी ३डीचंही होतं. “३डीतले चार द्या,” म्हणालो आणि लढाई जिंकल्यासारखा घरभर हिंडलो. तेव्हा तुम्हीही ‘बिन सांगा’ म्हणत बसू नका, थेट लेबलचा फोटो मागा.

माल आल्यावर आधी रचना तपासा. तीन व्होल्टचा बटण सेल आणि १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की एलईडी मिणमिणता पेटतो. मग घड्याळजीच्या भिंगातून चिपच्या कडेच्या बारीक तारा, फॉस्फरचा थर, सगळं निवांत बघता येतं. पूर्ण करंटवर भिंग अजिबात लावू नका, डोळ्यांशी खेळ आहे. तारा आणि चिपची ठेवण डेटाशीटमधल्या फोटोशी जुळली नाही तर नक्कलच समजा.

क्रीच्याच एक्सपी-जी३ सारख्या तारा नसलेल्या उलट्या चिपमध्ये फॉस्फर बाजूंनाही पसरलेला असतो. गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये मधल्या ठिपक्याभोवती शेवाळलेल्या टाकीतल्या पाण्यासारखं कडं येतं ते त्यामुळे. थोडं पिवळेपण तर सगळ्याच एलईडींच्या कडांना असतं, कारण तिरक्या किरणांना फॉस्फरमधून जास्त वाट काटावी लागते. खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखा रिफ्लेक्टर ते बरंचसं मिसळून टाकतो. झोत किंचित आखूड होतो, होऊ दे.

रंग पाहताना दोन झोत भिंतीवर शेजारी शेजारी टाका. एकटा झोत थोड्या वेळाने पांढराच वाटू लागतो, डोळे जुळवून घेतात. फोटो काढणार असाल तर फोनचा व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर पक्का करा, नाहीतर फोन सगळी तफावत पुसून टाकतो. आणि तपासणी प्रत्यक्ष वापराच्या करंटवरच. मंद ठेवला की हाच ३डी थोडा हिरवटाकडे झुकतो.

हो, आणि चिमट्याने धरताना कडेने धरा. वरचा घुमट मऊ सिलिकोनचा असतो. तो दाबला गेला तर आतल्या तारा तुटतात, आणि मग पुन्हा तोच फॉर्म, तीच वार्षिक गरज.