बडोद्याहून दुबईला कंपनी नोंदवताना : प्रवासाचा वृत्तांत आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग घडवण्याचा लहान कारखाना आहे. आखातातील मागणी वाढल्यावर दुबईत स्वतःची विक्री कंपनी असावी असे ठरले आणि गेल्या हिवाळ्यात मी व माझा मावसभाऊ अहमदाबादहून विमानाने तिकडे जाऊन आलो. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील अनेक मराठी कुटुंबे सध्या याच विचारात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तिथे परक्याची ओळख कागदावरून ठरते आणि ते कागद बडोद्यातच नीट करून घ्यावे लागतात, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

सुरुवात नावापासून करावी. गुजरातमधील जुन्या दाखल्यांवर पुरुषांच्या नावाला ‘भाई’ आणि स्त्रियांच्या नावाला ‘बेन’ जोडलेले असते, पासपोर्टवर मात्र ते बहुधा नसते. मावसभावाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘भाई’ होते. बडोद्यात कोणालाही ते खटकणार नाही. परंतु परदेशी कारकुनाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे ठरू शकतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आम्ही निघण्यापूर्वीच करून घेतले. नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि नाव एकाच शब्दाचे असेल, तर आधी पासपोर्ट दुरुस्त करावा, कारण नोव्हेंबर २०२२ पासून अशा पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीचा (दुबई ज्या देशात आहे त्याचा) पर्यटन व्हिसा मिळत नाही.

त्यानंतर साक्षांकन, म्हणजे कागद खरे असल्याचे सरकारी शिक्के. ओमान आणि सौदी अरेबिया हे १९६१ च्या हेग कराराचे सदस्य असल्यामुळे तिथे अपोस्टिलचा (सदस्य देशांनी परस्परांत मान्य केलेल्या साक्षांकनाचा) शिक्का पुरतो, पण अमिरातीसाठी तो पुरत नाही. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदवीपत्र आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, नंतर अमिरातीच्या दूतावासाकडून आणि शेवटी अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित व्हावे लागतात. परराष्ट्र मंत्रालय हे कागद थेट अर्जदाराकडून घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेते. महानगर सेवासदनाचा (बडोद्याच्या महापालिकेचा) गुजराती दाखला असेल तर भाषांतराचीही सोय पाहावी लागते, आणि तिकडच्या कार्यालयांत लागणारे अरबी भाषांतर तेथील न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराकडूनच करावे लागते. कुटुंबाला पुढे तिकडे न्यायचे असेल तर हे सर्व आताच उरकावे. तिथे बसून गांधीनगरचे शिक्के मिळवणे फार जिकिरीचे आहे.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत कोणाचेही ऐकीव सल्ले घेऊ नयेत. निवासी भारतीय व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. मात्र परदेशी कंपनीचे भांडवल भरायचे असेल तर ऑगस्ट २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे बँकेमार्फत अर्ज करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. आम्हाला एका मध्यस्थाने भांडवल क्रेडिट कार्डावर भरण्याचा सल्ला दिला होता. तो आम्ही मानला नाही आणि कोणीही मानू नये.

दुबईत पोहोचल्यावर पहिला निर्णय मुक्त क्षेत्र (फ्री झोन, म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला आखून दिलेला भाग) की मुख्य भूमी (मेनलँड, म्हणजे त्याबाहेरचा बाकीचा प्रदेश) हा असतो. मध्यस्थ बहुधा मुक्त क्षेत्र सुचवतात, कारण ते काम लवकर होते. आमचे गिऱ्हाईक स्थानिक कंत्राटदार आहेत आणि मुक्त क्षेत्रातील कंपनीला मुख्य भूमीवर थेट विक्री करण्यास मर्यादा पडतात, म्हणून आम्ही मुख्य भूमीचा परवाना घेतला. पूर्वी त्यासाठी ५१ टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराचा असावा लागे. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत पूर्ण मालकी परदेशी व्यक्तीकडे राहू शकते. तरीही ‘नावापुरता’ स्थानिक भागीदार घेण्याची गळ घालणारे भेटतात. नोंदणीत एक आणि बाजूच्या खासगी करारात दुसरे, अशा व्यवस्थेवर आयुष्यभराची पुंजी लावणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

कंपनी स्थापनेच्या कराराचा मसुदा अरबी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत येतो आणि दोहोंत तफावत आढळल्यास दुबईच्या न्यायालयात अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. त्यामुळे सही करण्यापूर्वी आम्ही आमच्या बाजूच्या वकिलाकडून अरबी स्तंभ वाचून घेतला. व्यवस्थापक म्हणून कोणाचे नाव लागते, त्याला एकट्याला बँकेचे व्यवहार करता येतात का आणि त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी किती येते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. या सल्ल्यासाठी दिलेली फी मला सर्व खर्चात सर्वांत सार्थकी लागलेली वाटते.

कार्यालयाच्या भाडेकराराची ‘इजारी’ या दुबईच्या सरकारी भाडेनोंद प्रणालीत नोंदणी करावी लागते आणि भाड्यापोटी बहुधा पुढच्या तारखांचे धनादेश मागतात. जानेवारी २०२२ पासून केवळ शिल्लक नसल्यामुळे धनादेश न वटणे हा सहसा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण धनादेश बाळगणारा थेट वसुलीसाठी न्यायालयात जाऊ शकतो आणि देश सोडण्यास मनाईही होऊ शकते. कोरा धनादेश कोणालाही देऊ नये.

आपल्या लोकांच्या सवयींबद्दलही लिहिणे भाग आहे. गोडा मसाला किंवा अनारसे सोबत नेताना त्यांत खसखस नसल्याची खात्री करावी, कारण खसखस तिथे प्रतिबंधित आहे. गणपतीची वर्गणी व्हॉट्सॲपवर गोळा करणे आपल्याला स्वाभाविक वाटते, परंतु परवान्याशिवाय देणग्या जमवणे तिथे कायद्याने गुन्हा आहे. संमतीविना कोणाचे छायाचित्र प्रसिद्ध करणेही तसेच. पर्यटन व्हिसावर ‘चार दिवस’ दुकानात हातभार लावायलाही मुलाला बसवू नये.

परवाना मिळाला की कर खात्यात नोंदणी करावी. नफा ३,७५,००० दिरहमपेक्षा कमी असला तरी कंपनी कराची नोंदणी टळत नाही आणि उशीर झाल्यास १०,००० दिरहम दंड आहे. त्या मर्यादेवरील नफ्यावर ९ टक्के कर लागतो. निवासी व्हिसा मिळाल्यावर सामान्यतः सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ अमिरातीबाहेर राहू नये, नाहीतर तो रद्द होतो. कारखाना सांभाळण्यासाठी आम्ही बडोद्यातच राहणार असल्यामुळे भारतात प्राप्तिकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात तिकडचे समभाग आणि बँक खाते दरवर्षी दाखवायचे आहे आणि कंपनीचा वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरपूर्वी येथील बँकेकडे द्यायचा आहे.