शुक्रवारी पाणी बंद, ज्वालामुखीही बंद

गेल्या शुक्रवारी ठाण्यात पाणी नव्हतं आणि आमच्या पार्किंगमधला ज्वालामुखी बंद पडला.

या ब्लॉगवरच्या मागच्या तीन नोंदी वाचणाऱ्यांना कळलंच असेल. पार्किंगमध्ये जमिनीचा कल, म्हणजे टिल्ट, मोजायला मी घरगुती यंत्र बसवलंय, त्याच्या आलेखातली तीच ती करवतीच्या दात्यांची रेघ. दिवसभर आणि रात्रभर हळूहळू चढायची, पहाटे पाच वाजून गेले की दोन-अडीच तासांत धाडकन खाली, आणि पुन्हा चढण. रोज, न चुकता. वेळेचा अक्ष बोटाने झाकला तर हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या यूडब्ल्यूडी नावाच्या टिल्टमीटरचा (कल मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख म्हणून सहज खपेल. तिकडे २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला उद्रेक असाच थांबत-थांबत चालला होता. मधल्या दिवसांत मॅग्मा साठून माथा फुगणार, टिल्ट चढत राहणार, लाव्हाचं कारंजं उडालं की काही तासांत दहा-वीस मायक्रोरेडियन खाली. माझी घसरण नऊ मायक्रोरेडियनची. आणि तीही उपवनजवळच्या एका सोसायटीत!

नवीन मंडळींसाठी एवढंच सांगते की एक मायक्रोरेडियन म्हणजे एक किलोमीटर लांबीची फळी घेऊन तिचं एक टोक एक मिलिमीटर उचलणं.

मुळात टिल्टच्या नादाला लागले ती शेकमुळे, म्हणजे रास्पबेरी शेक या घरगुती भूकंपमापकामुळे. किलाउएआचा एखादा मोठा धक्का घरच्या रास्पबेरी शेकवर पकडायचा, हे माझं पहिल्या दिवसापासूनचं स्वप्न. ४ मे २०१८ च्या ६.९ तीव्रतेच्या भूकंपासारखा. मग हिशेब केला आणि हिरमोड झाला. ठाणं १९.२ अंश उत्तर, किलाउएआ १९.४ अंश उत्तर, म्हणजे अक्षांशाने आपण शेजारीच. पण पृथ्वीच्या पोटातून मोजलं तर अंतर ११९ अंश, आणि साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात सरळ येणारी पी लाट (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लाट) पोचतच नाही, गाभा ती वाकवतो. आपण बरोब्बर त्या सावलीत बसलोय. या सावलीत जे क्षीण, पोचायला नकोत असे धक्के दिसत होते, त्यांच्यावरूनच इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये आतला गाभा मांडला. विज्ञानाचं भलं झालं, माझं नाही. पृष्ठलाटा तासाभराने येतील, पण त्यांचा एकेक हेलकावा वीस-वीस सेकंदांचा, आणि शेकमधला माझा जिओफोन (कंपनं टिपणारा सेन्सर) ४.५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चार-पाच हेलकाव्यांसाठीचा. इलेक्ट्रॉनिक्सने कितीही खाली खेचला तरी तिथवर त्याचा हात पोचत नाही.

तिकडचं इथे दिसत नाही, तर तिकडच्यासारखं यंत्र इथे करावं, असा तो विचार. किलाउएआच्या माथ्यावर उवेकाहुनाच्या तळघरात तिथल्या वेधशाळेने १९५६ पासून पाण्याच्या नळीचं टिल्टमीटर वापरलं. ते म्हणजे आपल्या गवंड्याची पाणसळच, फक्त नजरेऐवजी सूक्ष्म मापनाची. माझी सहा मीटरची आहे. पार्किंगच्या मागच्या भिंतीलगत दोन स्टीलचे डबे, मध्ये हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक लेव्हल पाईप, उकळून गार केलेलं पाणी (नाहीतर बुडबुडे धरतात आणि आठवडा वाया जातो), वर लिक्विड पॅराफिनचा थर, तरंगत्या चकतीवर चुंबक आणि डोक्यावर त्या चुंबकाची जवळीक ओळखणारा हॉल सेन्सर. एका मायक्रोरेडियनला दोन डब्यांच्या पातळीत सहा मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे सेन्सरच्या भाषेत जेमतेम दीड-दोन मिलिव्होल्ट. व्होल्टेजचे आकडे करणारा माझा सोळा बिटचा एडीएस१११५ एवढं आरामात वाचतो. चोवीस बिटचा घ्या म्हणून मागे लागलेल्यांनी आधी आपल्या पॉवर सप्लायचा रिपल (व्होल्टेजमधली थरथर) मोजावा, मग बोलावं.

तर ती रेघ.

आधी संशय तापमानावर. पश्चिमेची भिंत उन्हाने तापते. थर्मोकोलचे खोके केले, नळीला गादीचा फोम गुंडाळला, चार ठिकाणी तापमानाचे सेन्सर लावले. नंतर सहा दिवस झड लागली, पार्किंगचं तापमान अंशभरही हललं नाही, पण दाते तसेच. गाड्यांवर संशय घेतला, तर त्या आठनंतर निघतात आणि घसरण पाचची. मग आला तो वेडा आठवडा, ज्यात मला खात्री पटली की ही ठाण्याच्या खाडीची भरती आहे. भरतीचं पाणी किनाऱ्याची जमीन दाबतं, हे खरं आहे, मोजलं गेलेलं आहे. तीन रात्री मी भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसले. पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि माझी घसरण सोमवारी पाच-दहाला, मंगळवारी पाच-दहाला, रविवारीही पाच-दहाला. समुद्राच्या मनगटावर घड्याळ नसतं. म्हणजे हे माणसाचंच काम.

इथवर आल्यावर उत्तर समोर होतं, आणि मी ते स्वतःच्या हाताने पुसून बसले होते. मी डेटा तासाच्या सरासरीने साठवत होते. का, तर किलाउएआचे आलेख कसे गुळगुळीत दिसतात, तसे माझेही दिसावेत म्हणून! मिनिटामिनिटाचा कच्चा डेटा कार्डावर पडून होता, तो तीन आठवडे उघडलाच नाही.

शुक्रवारी रात्री उघडला. गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चोवीस तास पाणी बंद असल्याचा नेहमीचा मेसेज आला होता. घरोघरी बादल्या भरल्या गेल्या, माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. शुक्रवारी ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये फोनवर आलेख पाहिला, तर पहाटेची घसरण गायब. चढण दुपारी दोनपर्यंत आणि नंतर सपाट. पाईप फुटला, असंच वाटलं. घरी पोचून पर्स न ठेवता पार्किंगमध्ये गेले. डबे ठीक, नळी ठीक. आणि गेटातून टँकर आत शिरत होता.

टँकर पाहिला आणि गुडघ्यातलं बळच गेलं. आमची खालची टाकी पूर्वेच्या डब्यापासून दोन मीटरवर आहे. पाच बाय चार, तीन मीटर खोल, साठ हजार लिटरची. मी रोज तिच्या झाकणावर टूलबॉक्स ठेवते.

मग जिन्यावर बसूनच कच्चा डेटा काढला. चढण म्हणून मी जे मिरवत होते ती चढण नव्हतीच, तो जिना होता. वीस-पंचवीस मिनिटांची एकेक पायरी, मध्ये सपाट. वरच्या टाकीचा पंप चालू झाला की खालच्या टाकीतलं पाणी कमी होतं, वजन हलकं होतं, दाबलेली जमीन थोडी उसळते. पहाटे पालिकेचं पाणी येतं, चाळीस टन वजन दोन तासांत टाकीत पडतं आणि पूर्वेचं टोक खचतं. शेकचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी किती हर्ट्झची कंपनं होती ते दाखवणारं चित्र, स्वार्म या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वेळ जुळवली. प्रत्येक पायरीच्या वर चोवीस हर्ट्झची सरळ रेघ, पंपाच्या मोटरची. पंप सुरू, पायरी सुरू. पंप बंद, पायरी बंद. दोन्ही यंत्रं एकमेकांपासून सहा फुटांवर आणि दोघांचा डेटा मी एकदाही एकावर एक ठेवून पाहिला नव्हता.

आणखी लाज वाटावी अशी गोष्ट. ३० जुलै २०२५ ला रशियातल्या कामचात्काला ८.८ चा भूकंप झाला, त्याचं शेकवरचं चित्र मी इथे टाकलं होतं, आठवतं? तिकडे आपल्या वेळेने ४:५४ ला झाला, आपल्याकडे पी लाट साधारण ५:०६ ला. त्या चित्रात खाली आडवी रेघ कसली, असं एकाने विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं, ‘‘पंप असेल, दुर्लक्ष करा.’’ केलं मग मीच.

पण खरी मजा टँकरने आणली. दहा हजार लिटर, म्हणजे दहा टन, पावतीवर लिहिलेलं वजन! रेघ २.२ मायक्रोरेडियन घसरली. रोजच्या चाळीस टनांना नऊ, दहाला २.२. सरळ रेषेत. तीन महिने मी हे यंत्र कॅलिब्रेट कसं करायचं म्हणून सूक्ष्ममापी स्क्रूचे भाव विचारत फिरत होते, आणि इथे वजनकाट्याचं वजन स्वतः चाकांवर चालत आलं. एवढंच नाही, टँकर गेटपाशी, म्हणजे पश्चिमेला, उभा होता तेवढा वेळ रेघ उलट्या बाजूला अर्ध्या मायक्रोरेडियनने कललेली दिसते. निघून गेला तसा तो उंचवटा ओसरला. ते चित्र मी फोनचा वॉलपेपर केलंय.

सासूबाई पाटणच्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या धक्क्याने त्यांच्या घराची मागची भिंत गेली होती. मी एवढी उड्या मारत सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘अगं, पाण्याने जमीन हलते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. यात शोध कसला?’’ त्यांना समजावलं की कोयनेत नुसतं वजन नव्हे, भेगांमधून खोलवर झिरपलेल्या पाण्याचा दाबही असतो, आणि इथे नुसती फरशीखालची जमीन दबतेय. ‘‘तेच ते,’’ म्हणून त्या भाजी निवडू लागल्या.

आता पुढे काय? हे लिहायला बसले तेव्हा ठरलं होतं की यंत्र इथून उचलायचं. येऊरच्या पायथ्याशी ओळखीच्यांचा बंगला आहे, त्यांच्या विहिरीजवळ उघडा काळा खडक आहे. आपलं राष्ट्रीय उद्यानही ज्वालामुखीचंच की, कान्हेरीची लेणीसुद्धा त्याच जातीच्या दगडात कोरलेली, फक्त थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. फुगणार काहीच नाही, पण खडकावर बसवलेल्या नळीत पृथ्वीची भरती (चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीलाच येते ती), मायक्रोरेडियनच्या दहाव्या हिस्स्याची का होईना, दिसावी. हा बेत मागच्या परिच्छेदापर्यंत पक्का होता.

पण टँकरचा परिच्छेद लिहिताना वाटलं, हलवायचं कशाला? रोज फुकट, माहीत असलेलं वजन मिळतंय. टाकीच्या झाकणाखाली वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, पातळी दर मिनिटाला मोजायची, तिचा टिल्टवरचा परिणाम वजा करायचा. उरेल ती जमीन. वेधशाळेतही पाऊस आणि तापमान असंच वजा करतात. येऊरला दुसरी नळी करू, लांब, बारा मीटरची. हे आधी.

सेन्सर मागवलाय. हॉल सेन्सरच्या वेळचा अनुभव विसरले नाही. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून दहा घेतले, त्यांतले चार एकाच चुंबकासमोर चार वेगळी उत्तरं देत होते. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, सगळे असेच असतात.’’ तेव्हा हॉल सेन्सर घेताना दुकानातच मल्टिमीटर लावा, लाजू नका. भूकंपाचा डेटा हाताळायचं ऑब्स्पाय हे सॉफ्टवेअर मात्र फुकट असूनही सोन्यासारखं आहे. टिल्ट आणि शेक एकाच वेळपट्टीवर आणायला अकरा ओळी पुरल्या.

आणि काल रात्रीची ताजी भर. कच्चा डेटा पाहायची सवय लागल्यामुळे दिसलं की रात्री एक ते चार, पंप पूर्ण बंद, चोवीस हर्ट्झ कुठेच नाही, तरी रेघ ०.३ मायक्रोरेडियन चढतेय. पायऱ्या नाहीत, नुसता उतार. टँकरच्या हिशेबाने तेराशे-चौदाशे लिटर. गळलेलं पाणी शेजारच्याच मातीत मुरतं, त्यामुळे हा आकडा काटेकोर धरू नका. वॉचमनकाकांना म्हटलं, काका, रात्री एकला टाकीत बांबू बुडवून ओल्या खुणेवर खडूने रेघ मारा, चारला परत. सकाळी बांबू माझ्या दारात उभा होता. दोन रेघांमध्ये चार बोटं अंतर. टाकीच्या मापाने तेवढंच भरतं.

सेक्रेटरींना बांबू आणि आलेख दोन्ही दाखवले. पार्किंगमधलं माझं ‘नळकांडं’ हटवण्याचा विषय येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर होता. तो निघालाय, त्या जागी टाकीचं वॉटरप्रूफिंग आलंय. त्यासाठी टाकी निदान तीन दिवस रिकामी ठेवावी लागेल, असं प्लंबर म्हणतोय. घरचे सगळे बादल्यांचा विचार करतायत. मी मात्र तीन दिवसांची स्वच्छ बेसलाइन (टाकीच्या पाण्याच्या वजनाशिवायची रेघ) मिळणार म्हणून दिवस मोजतेय. तारीख ठरली की कळवते, त्याआधी नळीतला तो पश्चिमेकडचा बुडबुडा काढायचाय.